पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट (१९०७–१९९१)

ब्रिटिश अभिनेत्री. जन्म लंडनजवळच्या क्रॉयडनचा. १९३० साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात ‘ऑथेल्लो’ रंगला. पेगी डेस्डेमोना होत्या आणि ऑथेल्लो होते कृष्णवर्णीय अमेरिकी गायक-नट पॉल रोबसन. त्या काळात गोऱ्या नायिकेने ही जोडी स्वीकारणे धैर्याचेच होते. १९३५ मध्ये त्यांची ज्युलिएट गाजली. त्या प्रयोगांत जॉन गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए आलटून पालटून रोमिओ आणि मर्क्युशिओ होत.

१९५६ मध्ये त्यांना ‘डेम’ किताब मिळाला. १९६२ साली त्यांच्या जन्मगावी त्यांच्याच नावाचे नाट्यगृह उभे राहिले. मात्र त्यांचे सर्वांत मोठे काम त्यानंतरचे, १९६३चे. रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’मध्ये त्यांनी राणी मार्गारेट साकारली. कोवळ्या वधूपासून सूडाने जळणाऱ्या म्हातारीपर्यंतचा तो प्रवास एकाच नटीने, तोही पन्नाशी उलटल्यावर पेलला.

चित्रपट त्यांनी मोजकेच केले, म्हणून भारतीय प्रेक्षकांना त्यांची ओळख उशिरा झाली. १९८४ साली पडद्यावर आलेल्या दोन्ही भूमिका ब्रिटिश अमलातल्या भारतातल्या होत्या. ‘द ज्युएल इन द क्राउन’ या मालिकेत त्या एकाकी मिशनरी शिक्षिका बार्बी बॅचलर होत्या. डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त त्या मिसेस मूर झाल्या. त्या भूमिकेसाठी वयाच्या ७७व्या वर्षी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले.