जवसाची चटणी आणि आतड्यांचा दाह

सातारा जिल्ह्यातील औंध आणि त्याभोवतीचा खटाव तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि तिच्यासोबत जवस, कारळे किंवा तिळाची चटणी हा या कोरडवाहू मुलखाचा जुना आहार होय. या बियांपैकी जवसाचा आतड्यांच्या संदर्भात बराच अभ्यास झाला असून, बी कोणत्या रूपात आणि कोणाच्या पोटात जाते यावर त्याचा गुण ठरतो, असे त्यातून दिसते.

जवसात सुमारे ४० टक्के तेल असते. त्यातील निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणारे ओमेगा-३ मेदाम्ल, असतो. शंभर ग्रॅम जवसात सुमारे २७ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. त्यांपैकी पाण्यात बुळबुळीत होणारे तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्यूटिरेटसारखी, मोजक्या कार्बन अणूंची मेदाम्ले तयार होतात. ब्यूटिरेट हे तेथील अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन असून, दाहाला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेला लगाम लावणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढण्यासही ते साहाय्य करते. जवसातील लिग्नान या वनस्पतिजन्य संयुगांचेही शरीरात शोषले जाणारे रूप हेच जिवाणू घडवतात.

जवसाचे टरफल मात्र इतके चिवट असते की न चावलेले सबंध बी बहुधा तसेच बाहेर पडते. चटणीसाठी ते भाजून कुटले जाते, त्यामुळे आतील तेल आणि लिग्नान पचनाला उपलब्ध होतात. कुटलेल्या बियांचे तेल हवेने लवकर खवट होत असल्याने चटणी थोडी थोडी करणेच योग्य ठरते.

आजारी आतड्याबाबतचे पुरावे परस्परविरोधी आहेत. रसायनाने आतड्याचा दाह घडवलेल्या उंदरांवरील २०१४ च्या प्रयोगात जवसयुक्त आहाराने तो दाह उलट वाढला. तर इराणमधील २०१९ च्या एका लहान चाचणीत, मोठ्या आतड्यात व्रण पडणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना १२ आठवडे रोज ३० ग्रॅम दळलेले जवस दिल्यावर दाहाची लक्षणे घटली. त्यामुळे निरोगी माणसाने चमचा-दोन चमचे चटणी भाकरीसोबत खावी आणि पाणी पुरेसे प्यावे. आतडे अरुंद झालेल्या किंवा दाह उसळलेल्या रुग्णाने मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून जवस वाढवू नये आणि चटणीला औषधाची जागा देऊ नये.