टिंबांचा हिशेब व खतांतील नत्र

हवेच्या शंभर भागांत सुमारें ७८ भाग नत्र असतांना तेंच नत्र पोत्यांतून विकत कां घ्यावें, असा प्रश्न आमच्या कित्येक कास्तकार बंधूंस पडतो. रसायनशास्त्रांतील टिंबांची मांडणी समजून घेतल्यास त्याचा उलगडा होतो.

अणूंच्या संयोगांत त्यांच्या बाहेरच्या कवचांतील इलेक्ट्रॉन, म्हणजे सूक्ष्म ऋणविद्युत्कण, तेवढे भाग घेतात. म्हणून अमेरिकेंतील गिल्बर्ट न्यूटन लुइस यांनीं १९१६ सालीं अशी रीत मांडली कीं, मूलद्रव्याच्या चिन्हाभोंवतीं बाहेरच्या इलेक्ट्रॉनांइतकीं टिंबें द्यावीं. टिंब कोणत्या बाजूस दिलें यास महत्त्व नाहीं. मोजणी मात्र चुकूं नये.

नत्राचे इलेक्ट्रॉन सात. दोन आंत, पांच बाहेर. चिन्हाच्या एका बाजूस टिंबांची जोडी, उरलेल्या तीन बाजूंस एकेक टिंब. बाहेर आठ झालीं म्हणजे हा अणु स्वस्थ होतो. उणीं असलेलीं तीन तो सामाइकींत मिळवितो. बांधावरील सामाईक विहीर जशी दोन्ही हिस्सेदार आपली म्हणून मोजतात, तशी सामाईक जोडी दोन्ही अणूंच्या हिशेबीं धरावयाची. (आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला, आम्हांस हाच दाखला सुचणार.)

हवेंत नत्राचे दोन अणु तीन जोड्या सामाईक करून असतात. ही तिहेरी गांठ इतकी बळकट कीं, पिकाच्या मुळांस ती सुटत नाहीं. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील ग्रंथींतील जिवाणु ती सोडवितात. कारखान्यांत हाबर यांच्या रीतीनें प्रचंड दाब व उष्णता लावावी लागते; असा पहिला मोठा कारखाना जर्मनींत ओपाऊ येथें १९१३ सालीं चालू झाला. तेथें नत्राच्या तीन एकट्या टिंबांस तीन हायड्रोजन जोडले जाऊन अमोनिया होतो. हायड्रोजनाचें टिंब एकच, त्यास दोन पुरतात.

चौथ्या बाजूची जोडी मात्र मोकळीच राहते, आणि शेतकऱ्याचा नफातोटा तिच्यावरच अवलंबून आहे. मातीच्या ओलाव्यांतील, आपलें टिंब गमावलेला हायड्रोजन त्या जोडीवर येऊन बसला कीं धनविद्युत्‌युक्त अमोनियम होतें, व चिकणमातीचे ऋणविद्युत्‌युक्त कण त्यास धरून ठेवतात. चुनखडीच्या जमिनींत हा हायड्रोजन सहज सुटतो; जोडी पुनः मोकळी पडते व अमोनिया वायुरूपानें उडून जातो. युरियाचा मातींत प्रथम अमोनियाच होतो. म्हणून अशा जमिनीवर, विशेषतः उन्हाच्या दिवसांत, युरिया वरवर फेंकूं नये. तो मातीआड करावा, अथवा टाकल्यावर लागलेंच पाणी द्यावें.