काचपेटीतील मांगुराची पिले

मांगूर हा चिवट मासा, अशी समजूत खेड्यापाड्यांत सर्वत्र आढळते आणि ती खोटी नाही. पैनगंगा, नळगंगा यांसारख्या नद्यांना मिळणारे नाले उन्हाळ्यात आटत आले म्हणजे इतर मासे मरतात. मांगूर चिखलात तग धरून राहतो. यामुळेच पावसाळ्यात मुलांनी त्याची पिले शाळेत आणली की त्यांची विशेष निगा राखण्याचे कारण नाही असे मानले जाते, आणि आठवड्याच्या आत पेटी रिकामी होते. हा चिवटपणा मोठ्या माशाचा आहे, पिलाचा नव्हे.

मोठ्या मांगुराच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, झाडासारखे फाटे फुटलेले एक इंद्रिय असते. पृष्ठभागावर येऊन घेतलेली हवा त्यात शोषली जाते. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या, जेमतेम ५ मिलिमीटर लांबीच्या पिलास हे इंद्रिय नसते. ते कार्य करू लागण्यास सुमारे १० ते १२ दिवस लागतात. तोवर पिलू पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच जगते. त्यानंतर अडचण उलटी होते : वर येण्याची वाट अडली तर ते गुदमरते. म्हणून पाणी वीतभरापेक्षा खोल नसावे आणि पाणी व झाकण यांमध्ये चार बोटे जागा मोकळी सोडावी. झाकण मात्र हवेच. वाढलेला मांगूर रात्री पेटीबाहेर पडून सरपटत दूर जाऊ शकतो.

पेटीत हायड्रिलासारख्या पाणवनस्पती दोनतीन आठवडे आधी लावाव्यात. त्यांच्या पानांवर वाढणारे सूक्ष्म जीव हे पिलांचे खाद्य होय, शिवाय उजेड टाळणाऱ्या पिलांना आडोसा मिळतो. परंतु पेटी वनस्पतींनी गच्च भरू नये. वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री मात्र तो वापरतात. पहाटे त्याची टंचाई सर्वांत अधिक असते. सायंकाळी धडधाकट दिसलेली पिले सकाळी शाळा भरताना मेलेली आढळतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असल्यास ते पाणी उघड्या बादलीत दोन दिवस ठेवून मगच वापरावे.

डासांच्या बंदोबस्तासाठी पाळले जाणारे गप्पी मासे अनेक शाळांच्या टाक्यांत असतात. ते याच पेटीत सोडण्याचा मोह होतो. गप्पी प्रथम पिलांना टिपतात. पुढे पिले वाढली की हिशेब उलट चुकता होतो! पिले बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत त्यांना वेगळे ठेवावे, आणि त्यांतही लहानमोठी निवडावीत, कारण मोठी पिले लहानांना खातात.

पहिले तीनचार दिवस पिलू पोटाखालच्या बलकावर जगते; त्या काळात काहीही घालू नये. पुढे डबक्यातील पाणपिसवा, त्यानंतर डासांच्या अळ्या व बारीक चिरलेले गांडूळ द्यावे. मांगूर निशाचर असल्याने शाळा सुटतेवेळी खाद्य घालणे योग्य. रविवारची बेगमी म्हणून शनिवारी दुप्पट घालण्याची पद्धत घातक आहे; उरलेले कुजून पाणी विषारी होते. एक दिवसाचा उपवास वाढत्या पिलांना सहज सोसतो.

वाढलेल्या मांगुराच्या छातीच्या परांतील काटा टोचल्यास तीव्र वेदना होतात. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या शिंगी माशाचा काटा तर विषारी असतो. मुलांनी हातांनी मासा पकडू नये, जाळी वापरावी.

पिले बाजारातून आणू नयेत. मूळच्या आफ्रिकेतील, ‘थाई मांगूर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या जातीच्या पालनावर भारतात २००० सालापासून बंदी आहे. तो इतर मासे फस्त करतो, आणि लहानपणी दोहोंतील भेद ओळखणे जाणत्यासही अवघड जाते. देशी मांगूर आज संकटग्रस्त जातींत गणला जातो. म्हणून आठदहांहून अधिक पिले आणू नयेत. उन्हाळी सुटीत त्यांची सोय गावात होत नसेल, तर ती वर्षाअखेरपर्यंत न ठेवता पाणी भरपूर असतानाच, जेथून आणली त्याच डोहात सोडावीत.