शब्दार्थाचा आग्रह आणि श्रद्धेचा क्षय

धर्मग्रंथाचा अर्थ कसा लावावा हा प्रश्न वरवर पाहता धर्मशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो वाचनाचा, म्हणजेच साहित्यविचाराचाही प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात अनेक विचारी माणसांची ख्रिस्ती श्रद्धा ढासळली. ती भूगर्भशास्त्राने व उत्क्रांतिवादाने ढासळविली, असे सामान्यतः सांगण्यात येते. हे कारण खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. विज्ञानाचा आघात इतका वर्मी का लागला, याचे उत्तर त्या श्रद्धेने आपला ग्रंथ कसा वाचला होता यात शोधावे लागते. या दृष्टीने एडमंड गॉस (१८४९–१९२८) याचे ‘फादर अँड सन’ हे आत्मचरित्र विशेष उद्बोधक आहे. तोरू दत्तच्या काव्यसंग्रहाला १८८२ मध्ये प्रस्तावना लिहिणारा टीकाकार म्हणून गॉस भारतीय वाचकांस परिचित आहे. १९०७ साली हे पुस्तक निघाले तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते.

पिता फिलिप हेन्री गॉस हा समुद्रजीवांचा नामांकित अभ्यासक होता. घरोघरी मत्स्यालये ठेवण्याचा छंद इंग्लंडात रुजविण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याचबरोबर तो ‘प्लिमथ ब्रदरन’ या कडव्या पंथाचा निष्ठावंत अनुयायी होता. बायबलमधील प्रत्येक विधान जसेच्या तसे सत्य आहे, ही त्या घरातील पहिली धारणा. कल्पित गोष्ट सांगणे हे असत्य बोलणेच होय, असे मातेचे मत असल्यामुळे मुलाच्या कानांवर परीकथा कधी पडल्याच नाहीत. ‘प्रकटीकरण’ या गूढ ग्रंथातील प्रतिमांत मातापिता समकालीन राजकारणातील घटनांची भाकिते शोधीत. प्रतिमा म्हणून प्रतिमेला त्या घरात थारा नव्हता.

१८५७ साली, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्या दोन वर्षे आधी, फिलिप गॉसने ‘ओम्फालॉस’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ओम्फालॉस म्हणजे नाभी. आदाम मातेच्या उदरातून जन्मला नाही, तरी त्याला नाभी असलीच पाहिजे. एदेन बागेतील वृक्ष नुकतेच निर्माण झाले, तरी त्यांच्या खोडांत वर्षावर्षाची वलये असलीच पाहिजेत. त्याच न्यायाने देवाने पृथ्वी निर्माण करतानाच तिच्या खडकांत कधीही न घडलेल्या भूतकाळाच्या खुणा, जीवाश्मांसह, घातल्या असल्या पाहिजेत, असा त्याचा सिद्धान्त होता. तो वैज्ञानिकांना पटला नाही, तसाच धर्मनिष्ठांनाही पटला नाही. देवाने खडकांवर असत्य लिहून ठेवले, असे मानण्यास चार्ल्स किंग्स्लीसारखा पाद्रीही तयार होईना.

भारतीय साहित्यशास्त्राच्या परिभाषेत या घटनेचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ असे वाक्य ऐकले, की प्रवाहावर वस्ती असणे शक्य नाही हे जाणून श्रोता ‘तीरावर’ असा अर्थ घेतो. मुख्यार्थाला बाध आला, की लक्षणा प्रवृत्त होते. फिलिप गॉसपुढे मुख्यार्थबाध उभा राहिला होता. परंतु लक्षणेचा मार्ग त्याने स्वतःच बंद केला होता. म्हणून वाक्याचा अर्थ बदलण्याऐवजी त्याने जगच बदलून पाहिले. जणू वाड्यासाठी गंगेचा प्रवाहच थांबविला.

या वाचनपद्धतीचा पुत्रावर झालेला परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. लाकूड-दगडाची पूजा करणाऱ्यावर देव कोपतो, असे पित्याने सांगितले होते. पाच-सहा वर्षांच्या मुलाने एक खुर्ची टेबलावर ठेवून तिची प्रार्थना केली आणि तो वाट पाहत राहिला. काहीही घडले नाही. पुढे शाळेत असताना एका उन्हाळी सायंकाळी, ख्रिस्ताने याच क्षणी येऊन आपल्याला न्यावे, म्हणून तो खिडकीशी उत्कटतेने वाट पाहत राहिला. ख्रिस्त आला नाही, चहाची घंटा मात्र वाजली. या दोन्ही प्रसंगी मुलगा पित्याविरुद्ध बंड करीत नव्हता. तो पित्याने शिकविल्याप्रमाणेच वाचीत होता. ज्याचा प्रत्येक शब्द शब्दशः खरा, त्याची प्रत्येक शब्दाला परीक्षा घेता येते. आणि सर्व विधानांचे वजन सारखेच मानले, की एक विधान ढळताच सर्वच डळमळतात.

शब्दार्थ सुटला म्हणजे श्रद्धा सुटते, असा मात्र नियम नाही. सूर्य निर्माण होण्यापूर्वी दिवस कसा उगवला, असे विचारून ऑरिजेन या प्राचीन ख्रिस्ती आचार्याने तिसऱ्या शतकातच ‘उत्पत्ती’मधील वर्णनांचा गूढार्थ लावला होता. नाताळचा बिशप कोलेन्झो याला विल्यम एन्गिडी या झुलू सहकाऱ्याने जलप्रलयाविषयी सरळ प्रश्न विचारला. एकेकाळी गणित शिकविणाऱ्या कोलेन्झोने पंचग्रंथांतील आकडे तपासले आणि ते जुळत नाहीत, असे १८६२ पासून उघड लिहिले. धर्माधिकाऱ्यांनी त्याला पदच्युत ठरविले. पण त्याने ख्रिस्ती धर्म सोडला नाही. झुलूंना न्याय मिळावा म्हणून तो अखेरपर्यंत झगडला.

गॉसचे चित्रण सर्वस्वी प्रमाण मानता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. पिता पुस्तकात दिसतो त्याहून पुष्कळ मोकळा व प्रेमळ होता, असे ॲन थ्वेट यांनी २००२ साली लिहिलेल्या त्याच्या चरित्रात दाखविले आहे. खुद्द पुस्तकातही त्याची साक्ष सापडते. व्हर्जिलच्या लॅटिन पंक्ती पित्याने मुखोद्गत म्हणून दाखविल्या, तेव्हा त्यांचा अर्थ न कळताही मुलगा त्या नादाने भारून गेला. अर्थापलीकडे शब्दाला शक्ती असते हे मुलाला प्रथम पित्याच्याच मुखातून कळले. व्हर्जिलसाठी जो कान फिलिप गॉसपाशी होता, तो त्याने बायबलसाठी मिटून घेतला होता. काव्याला दिलेली मोकळीक धर्मग्रंथाला देणे हा त्याला धर्मद्रोह वाटला असता. त्याची किंमत श्रद्धेने दिली, आणि एकमेकांवर मनापासून प्रेम करणाऱ्या पितापुत्रांच्या नात्यानेही दिली.