चार टक्क्यांचं भांडण

अमेरिकेत वंश पाहून शिष्यवृत्ती द्यायला कधी सुरुवात झाली, असं विचारलं तर बहुतेक जण १९६०च्या दशकाकडे, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या काळाकडे बोट दाखवतील. पण मिसूरी राज्याच्या तिजोरीतून असे पैसे त्याच्या कितीतरी आधीपासून निघत होते. ते फक्त कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मिळायचे आणि त्यांना अट एकच होती: शिकायचं ते राज्याबाहेर. कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा, इलिनॉय, कुठेही जा, तिथली फी आम्ही भरू; मिसूरी विद्यापीठाची पायरी मात्र चढू नका. मेरीलँडनेही हाच उद्योग केला होता.

लॉइड गेन्स नावाच्या पदवीधराने हे पैसे नाकारले. त्याला वकील व्हायचं होतं आणि तेही आपल्याच राज्यात शिकून. त्याचा खटला चार्ल्स ह्यूस्टन या कृष्णवर्णीय वकिलांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. डिसेंबर १९३८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, गोऱ्या मुलांना राज्यात कायद्याचं शिक्षण मिळत असेल तर काळ्या मुलांनाही ते राज्यातच मिळालं पाहिजे, परगावचं भाडं देऊन राज्याची सुटका होत नाही. गेन्स मात्र त्या वर्गात कधीच बसला नाही. मार्च १९३९ मध्ये तो शिकागोतून बेपत्ता झाला, तो आजतागायत कुणाला सापडलेला नाही.

आजचा वाद ऐकताना हा इतिहास हाताशी असावा. 'सरकारने वंश पाहून पैसे वाटू नयेत' हे वाक्य आता अगदी सोज्वळ वाटतं आणि तत्त्व म्हणून ते चुकीचंही नाही. पण ज्या राज्यांना ते सुचायला हवं होतं, त्यांना ते नेमकं केव्हा सुचलं, हे विचारण्याचा हक्क काळ्या कुटुंबांना आहे.

हा प्रश्न सगळ्यात नीट उलगडला तो मेरीलँडमध्ये. तिथल्या सरकारी विद्यापीठाने कॉलेज पार्कच्या आवारात पदवीच्या वर्गात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतला, तो १९५१ मध्ये. १९६९ पासून केंद्र सरकारचा नागरी हक्क विभाग विद्यापीठामागे लागला होता की, तुमच्याकडचा वर्णभेद अजून पुरता गेलेला नाही, काहीतरी करा. त्यातून १९७०च्या दशकाच्या शेवटी बॅनेकर शिष्यवृत्ती आली, गुणवान कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी. बेंजामिन बॅनेकर हा अठराव्या शतकातला मेरीलँडचा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी. तो घरीच गणित आणि खगोल शिकला, पंचांगं काढू लागला आणि १७९१ मध्ये त्याने थॉमस जेफरसनला पत्र लिहून गुलामगिरीबद्दल जाब विचारला.

१९८९ मध्ये एका हिस्पॅनिक विद्यार्थ्याने या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. शाळेतले त्याचे गुण पैकीच्या पैकी, प्रवेशपरीक्षेतही बॅनेकरच्या किमान अटीपेक्षा कितीतरी वर. तो कृष्णवर्णीय नाही म्हणून अर्ज बाद झाला आणि तो कोर्टात गेला. 'पॉडबरेस्की विरुद्ध कर्वान' हा तो खटला. १९९४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने बॅनेकर शिष्यवृत्ती घटनाबाह्य ठरवली आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला.

निकालातलं तर्कशास्त्र बघण्यासारखं आहे. विद्यापीठ म्हणत होतं की, आमच्या जुन्या वागणुकीमुळे कृष्णवर्णीय समाजात आमचं नाव अजूनही खराब आहे. पालक मुलांना इकडे पाठवायला धजत नाहीत. जे येतात त्यातले पुष्कळ मधेच सोडून जातात. न्यायालयाचं उत्तर असं की, लोकांना जुना इतिहास आठवतो एवढ्यावरून त्या इतिहासाचे परिणाम आजही चालू आहेत असं सिद्ध होत नाही, कारण आठवण तर कायमच राहणार. शिवाय न्यायाधीशांनी एका रास्त मुद्द्यावर बोटही ठेवलं: मेरीलँडच्या अन्यायाची भरपाई म्हणता, मग ही शिष्यवृत्ती दुसऱ्या राज्यांतून आलेल्या मुलांना कशी देता? याला विद्यापीठाकडे पटेल असं उत्तर नव्हतं. मला हा भाग निकालाची बळकट बाजू वाटतो आणि आठवणीबद्दलचा भाग दुबळी. पालकांना जे आठवतं त्यावरूनच तर ते मुलांचं कॉलेज ठरवतात.

पुढे बॅनेकर शिष्यवृत्ती फ्रान्सिस स्कॉट की यांच्या नावाच्या, सर्वांना खुल्या असलेल्या शिष्यवृत्तीत मिसळली गेली. की म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे कवी आणि स्वतः गुलामांचे मालक. आज ही दोन्ही नावं एकाच प्रमाणपत्रावर शेजारी शेजारी नांदतात.

मराठी वाचकाला यातलं एक कोडं पडेल. आपल्याकडे मागासवर्गीय शिष्यवृत्तीवर रकमेवरून, विलंबावरून, उत्पन्नमर्यादेवरून भांडणं होतात. पण ती देणंच बेकायदा आहे, असं न्यायालय म्हणत नाही. याचं कारण १९५१ मध्ये आहे. मद्रासमधल्या जातनिहाय जागावाटपाला सर्वोच्च न्यायालयाने घटनाविरोधी ठरवलं, तेव्हा संसदेने पहिल्याच घटनादुरुस्तीत कलम १५(४) घालून मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करायला उघड परवानगी दिली. अमेरिकी घटनेत असं कलम नाही. तिथे आहे ती १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती, कायद्याचं समान संरक्षण देणारी. ती गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठीच केली गेली, पण तिच्या मजकुरात वंशाचा उल्लेखच नाही. तिचा अर्थ 'दुबळ्याला हात द्या' असा घ्यायचा की 'रंगाकडे बघूच नका' असा, यावर तिथले न्यायाधीश पिढ्यान् पिढ्या भांडत आलेत. जोडीला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला ते वंशावरून भेद करू देत नाही. सरकारी पैसा न घेणारं नावाजलेलं विद्यापीठ तिथे शोधूनच काढावं लागेल.

आता हे पैसे किती? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९४ मध्ये हिशेब मांडला होता. पदवीच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांच्या एकूण रकमेत अल्पसंख्याकांसाठी राखलेला वाटा होता साधारण ४ टक्के. म्हणजे चारचौघांच्या गप्पांत 'सगळं त्यांनाच मिळतं' म्हणतात, ते सगळं शंभरात चार डॉलर होतं. उरलेले शहाण्णव कुणाला कसे मिळतात, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना किती, गोल्फ आणि नौकानयन खेळणाऱ्यांना किती, यावर कुणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जात नाही.

तरी विरोधकांची बाजू निव्वळ मत्सराची नाही. वेस्ट व्हर्जिनियात कोळशाची खाण बंद पडलेल्या गावातल्या गोऱ्या मुलाला, शहरातल्या डॉक्टर दांपत्याच्या कृष्णवर्णीय मुलीपेक्षा मदतीची गरज कमी आहे, हे त्याच्या आईला समजावून सांगणं कठीण आहे. नायजेरियातून गेल्या पिढीत आलेल्या सुशिक्षित कुटुंबाचा मुलगा आणि मिसिसिपीतल्या गुलामांचा वंशज एकाच चौकटीत खूण करतात, ही तक्रार तर कृष्णवर्णीय विचारवंतही करतात. चौकट ढोबळ असते, आणि 'आशियाई' या चौकटीत तर न्यू जर्सीतले मराठी संगणक अभियंते आणि लाओसमधून जीव वाचवून आलेले निर्वासित एकत्र बसतात. त्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या वंश विचारात घेणाऱ्या प्रवेशपद्धतीविरुद्धचा खटला आशियाई विद्यार्थ्यांच्याच नावाने लढला गेला, त्यामुळे आपल्या लोकांची घरंही या प्रश्नावर दुभंगलेली आहेत.

वादात गमतीही झाल्या. २००४ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या एका विद्यापीठात रिपब्लिकन विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून 'फक्त गोऱ्यांसाठी' अडीचशे डॉलरची शिष्यवृत्ती काढली. त्यांचा म्होरक्या स्वतः प्वेर्तो रिकन वंशाचा होता आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांसाठीची पाच हजारांची शिष्यवृत्ती घेऊन बसला होता. अलाबामात मात्र गोऱ्यांसाठीची शिष्यवृत्ती थट्टेची नव्हती. १९९५ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी तिथल्या दोन ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांना आदेश दिला की वर्णभेद मोडायचा तर गोरी मुलंही आली पाहिजेत, तेव्हा त्यांना शिष्यवृत्त्या द्या. मग तिथे एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने वंशभेदाचा दावा लावला.

खासगी दानपत्रांची कथा वेगळीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ते तिथून निघाल्यावर चार वर्षांनी, १९२० मध्ये, त्याच विद्यापीठाला आयोवातल्या एका बाईंच्या मृत्युपत्रातून मोठी देणगी मिळाली: फेलोशिप द्यावी ती आयोवात जन्मलेल्या, कॉकेशियन वंशाच्या विद्यार्थ्यांनाच. विद्यापीठाने ती १९९७ पर्यंत वाटली. अट काढून टाकण्यासाठी कोलंबियाने कोर्टाकडे धाव घेतली ती २०१३ मध्ये.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंश विचारात घेणारी प्रवेशपद्धत रद्द केली. निकाल प्रवेशाबद्दल होता, शिष्यवृत्तीबद्दल त्यात आदेश नव्हता. पण मिसूरीच्या ॲटर्नी जनरलनी त्याच दिवशी राज्यातल्या महाविद्यालयांना पत्र पाठवलं की हे शिष्यवृत्त्यांनाही लागू आहे, आणि मिसूरी विद्यापीठाने लगेच वंशाची अट काढून टाकली. गेन्सला फीचे पैसे देऊ करून बाहेर घालवू पाहणारं राज्य हेच, हे पत्र लिहिणाऱ्यांना आठवलं असेल असं वाटत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या शिक्षण खात्याने हाच अर्थ देशभर लावणारं पत्रक काढलं. ऑगस्टमध्ये केंद्रीय न्यायालयाने ते रद्द केलं. पण तोवर अनेक विद्यापीठांच्या वकिलांनी वंशाचे उल्लेख खोडून टाकले होते. कोर्टाची वाट बघण्यापेक्षा अर्जातली ओळ पुसणं स्वस्त पडतं.

विद्यापीठाबाहेरच्या संस्थांविरुद्ध तर आणखी जुनी शस्त्रं बाहेर निघाली आहेत. कॅलिफोर्नियात १९९६ च्या जनमतानंतर सरकारी विद्यापीठांना वंशावर आधारित मदत देता येईना, म्हणून सॅन डिएगोच्या विद्यापीठाशी जोडलेला कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांचा निधी एका खासगी प्रतिष्ठानाकडे गेला. २०२५ मध्ये त्याच्याविरुद्ध दावा दाखल झाला तो १८७१ च्या कू क्लक्स क्लॅन कायद्याखाली. काळ्यांना घरात घुसून मारणाऱ्या टोळ्यांना आवरण्यासाठी केलेला कायदा! निधीने नाव बदललं आणि दार सर्वांना उघडलं.

'मग गरिबी बघा, वंश कशाला?' हा सोपा उपाय वाटतो. तो अर्धाच आहे. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर होती, मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. दोन घरांचा पगार सारखा असला तरी एका घरात आजोबांनी घेतलेलं घर असतं आणि दुसऱ्या घरात आजोबांना बँकेने कर्जच दिलेलं नसतं. केंद्र सरकारचं पेल अनुदान, वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, मुख्यतः उत्पन्न बघतं आणि राहतं घर हिशेबातच धरत नाही. मालमत्ता पिढ्यांच्या अंगाने बघणारे निकष लावले तर वंशाचं नाव न घेता बरंच अंतर भरून निघेल, असं मला वाटतं. पण त्याला पैसा चार टक्क्यांच्या कितीतरी पट लागेल, आणि तो द्यायला वादातली कुठलीच बाजू फारशी उत्सुक दिसत नाही.

तोवर विद्यापीठांच्या शिष्यवृत्ती कार्यालयांत जुगाड चालू आहे. देणगीदारांचे सगळे पैसे आधी एका खात्यात ओतायचे, विद्यार्थी वंश न बघता निवडायचे आणि मग कुठल्या मुलाला कुठल्या देणगीदाराच्या नावाने रक्कम दाखवायची, हे मागाहून जुळवायचं. नव्या पत्रकांच्या धाकाने हाही मार्ग अरुंद होतो आहे. सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी २०२३ च्या निकालपत्रात एक फट ठेवली आहे: वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं, हे विद्यार्थी निबंधात लिहू शकतो आणि त्यातून दिसणारी जिद्द विद्यापीठ मोजू शकतं, वंश मात्र मोजायचा नाही. त्यामुळे आता सतरा वर्षांच्या मुलामुलींना आपल्या घरची सगळ्यात कडू गोष्ट काही शे शब्दांत बसवावी लागते. आणि ती वाचून निर्णय घेणाऱ्या समितीला, आपण त्यातला रंग धरलाच नाही, अशी टिपणी फाइलला लावून ठेवावी लागते.