मुरूम, मलम आणि कारणाचा शोध

मागच्या वेळी आपण कार्यकारणभावावर बोललो. धूर आणि अग्नी झाले, माती आणि घट झाला. व्याख्यान संपल्यावर एक ताई म्हणाल्या, "सर, हे सगळं रोजच्या जगण्यात लागतं कुठं?" त्याचंच उत्तर म्हणून आज आम्ही विषय घेतलाय चेहऱ्यावरच्या मुरुमांचा. हसू नका, बरं का.

मुरूम आजचे नाहीत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये त्यांची नोंद आहे आणि त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. ज्यानं काटेसावरीचं खोड पाहिलंय, त्याला ती लगेच पटेल.

होतं काय, तर वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल करू लागतात. केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र मृत पेशींनी बुजतं. आत तेल साठतं, तिथले जिवाणू वाढतात आणि सूज येते. आपण नीरा डाव्या कालव्याची माणसं. चारीत गाळ बसला की पाणी कसं तुंबतं, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे मुरूम हा अस्वच्छतेचा रोग नाही. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशनं तोंड धुणं पुरे. खसाखसा घासलं तर उलट बिघडतं.

आता आमच्या नात्यातल्या एका मुलीची गोष्ट. इंदापूर तालुक्यातली, कॉलेजात शिकणारी. आम्ही तिला नेहमी म्हणायचो, "तळलेलं कमी खा, तोंड धूत जा." आमचं बोलणं तिला लागत असणार. तिनं कुणाला न विचारता मैत्रिणीनं सांगितलेलं मलम दुकानातून आणलं. आठवड्यात चेहरा उजळला. घरात सगळे खूश, आम्हीही. वर्षभरानं मलम थांबवलं, तर चेहरा लालबुंद, नुसती आग. पुन्हा लावलं की शांत. ती म्हणायची, "आजोबा, थांबवलं की बिघडतं, लावलं की बरं होतं. मग औषध हेच ना?"

मंडळी, न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक असताना दुसरं असणं, एक नसताना दुसरं नसणं. पोरीचा युक्तिवाद दोन्ही कसोट्यांवर उतरत होता, तरीही निष्कर्ष चुकीचा होता. कसा?

त्या मलमात तीव्र स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणून सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि खुद्द स्टेरॉइडमुळेच नव्या पुळ्या येतात. थांबवलं की दाबलेली सूज उसळते. म्हणजे ती सुधारणा मोजत होती मलमानं बिघडवलेल्या चेहऱ्याशी तुलना करून. मलमाआधीच्या चेहऱ्याशी नव्हे. तुलना कशाशी करायची, हेच चुकलं.

क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर दिसली, तर मुरुमांसाठी ती लावू नका. 2018 साली केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं अनुसूची 'एच'मध्ये घातली. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. आधीच बरेच दिवस लावत असाल, तर आपल्या मनानं एकदम न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आता खऱ्या औषधांचं बघा. तिथं नेमकं उलटं होतं. अ‍ॅडापेलीनचं जेल बुजलेली छिद्रं मोकळी करतं. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढंच, सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायचं. एकेका पुळीवर थापायचं नाही. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, मुरूम थोडे वाढतातही. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं. अडीच टक्क्यांचं पुष्कळदा पुरतं, मात्र टॉवेल-उशीचा रंग उडवतं. क्लिंडामायसिनसारखं प्रतिजैविक एकटं लावू नये, जिवाणू त्याला सरावतात. गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात, कारण गरोदरपणात त्यांनी बाळात गंभीर व्यंगं येतात. अ‍ॅडापेलीनही गरोदरपणात टाळतात.

लिंबू आणि टूथपेस्टचं काय? मुरूम आपसूकही चढतात-उतरतात. आपण काहीतरी लावतो ते पुळी सर्वांत मोठी असताना, म्हणजे ती उतरणीला लागायच्या बेतात असताना. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. श्रेय मिळतं लिंबाला, त्वचा मात्र भाजते.

तर ताई, हे तत्त्वज्ञान इथं लागतं. जे लगेच बरं दिसतं ते औषध असेलच असं नाही, आणि जे आधी थोडं बिघडवतं ते विषच असेल असंही नाही. कोणताही उपचार सुरू करताना तीन प्रश्न विचारा: यात काय आहे? हे कशावर काम करतं? आणि किती दिवसांनी पारख करायची?

आमच्या त्या मुलीचा चेहरा सावरायला बरेच महिने लागले. त्या काळात तिनं आरशात बघणं सोडलं होतं. तेव्हा आमच्या लक्षात आलं की वडीलधाऱ्यांचे "तोंड धूत जा" हे शब्दही त्या मलमामागचं एक कारण होतं. घरात मुरूम आलेलं लेकरू असेल, तर त्याला सल्ला देण्याआधी डॉक्टरकडे घेऊन जा. आम्ही ते केलं नव्हतं.