विद्युत् सायकलीची गृहनिर्मित घटमाला

विद्युत् सायकलीच्या चलित्रास ऊर्जा पुरविण्यासाठी सुटे लिथियम-आयन घट जोडून हौशी व्यक्तीने घरी तयार केलेली घटमाला. व्यवहारात घटमालेस बॅटरी असेच म्हणतात. साध्या सायकलीच्या चाकात चलित्र बसवून तिचे विद्युत् सायकलीत रूपांतर करणे हे काम इलेक्ट्रॉनिकीच्या हौशी अभ्यासकांत बरेच रूढ झाले आहे. अशा सायकलीचा सर्वांत महाग भाग बहुधा घटमाला हाच असल्यामुळे ती घरीच जुळविण्याकडे अनेकांचा कल असतो. विद्युत् जोडणी म्हणून हे काम सोपे आहे; परंतु तीत साठणारी ऊर्जा, घटांतील ज्वलनशील द्रव व दोष दीर्घकाळ अदृश्य राहण्याची शक्यता यांमुळे ते रेडिओ संच किंवा ध्वनिवर्धक जुळविण्याच्या कामापेक्षा मूलतः वेगळे ठरते. रेडिओची जोडणी चुकल्यास तो वाजत नाही. घटमालेची जोडणी चुकली तरी ती काही महिने उत्तम चालू शकते.

इतिहास : चाकाच्या तुंब्यात चलित्र असलेल्या विद्युत् सायकलीचे एकस्व अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ मध्ये मिळाले. पुढे दीर्घकाळ अशा वाहनांसाठी शिसे-अम्ल घटमालाच उपलब्ध होती. १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तास क्षमतेच्या एका शिसे-अम्ल घटमालेचे वजन सु. ४ किग्रॅ. असते. अशा चार घटमाला वागविणारी सायकल पायाने चालविणे कष्टाचे होई. एम्. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन बी. गुडइनफ व आकिरा योशिनो यांच्या १९७०–८५ या काळातील संशोधनातून लिथियम-आयन घट विकसित झाला आणि १९९१ मध्ये सोनी या जपानी कंपनीने तो बाजारात आणला. या कार्याबद्दल तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. अंगसंगणक, हत्यारे व वाहने यांसाठी या घटांचे प्रचंड उत्पादन होऊ लागल्यावर सुटे घट हौशी मंडळींच्या हाती आले. मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग) व पुण्यातील तपकीर गल्ली यांसारख्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या पेठांतून रेडिओ व ध्वनिवर्धक जुळविणारी जी परंपरा वाढली, तिचाच हा पुढचा टप्पा म्हणता येईल.

घट : सर्वाधिक प्रचलित घट दंडगोल असून त्याच्या मापावरून त्यास १८६५० म्हणतात (व्यास १८ मिमी., लांबी ६५ मिमी.). त्याचे वजन ४५ ते ५० ग्रॅ. असते. २१ मिमी. व्यास व ७० मिमी. लांबी असलेला २१७०० हा घटही वापरतात. घटात ग्रॅफाइटचे ऋणाग्र, धातूच्या ऑक्साइडाचे धनाग्र, त्यांच्यामधील सच्छिद्र प्लॅस्टिकचे पटल आणि कार्बनी कार्बोनेटांत विरघळविलेले लिथियमाचे लवण असते. विद्युत् भारित करताना लिथियमाचे आयन धनाग्राकडून ऋणाग्राकडे जाऊन ग्रॅफाइटाच्या थरांत शिरतात व वापराच्या वेळी परत येतात. घटाचा सरासरी विद्युत् दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट, पूर्ण भारित अवस्थेत ४.२ व्होल्ट व किमान मर्यादा प्रकारानुसार २.५ ते ३ व्होल्ट असते. लिथियम लोह फॉस्फेट प्रकारात हा दाब सरासरी ३.२ व कमाल ३.६५ व्होल्ट असतो. हा घट त्याच ऊर्जेसाठी अधिक जड असला, तरी उष्णतेस अधिक स्थिर असतो.

रचना : घट अनेकसरीत जोडल्यास अँपिअर-तास वाढतात, एकसरीत जोडल्यास व्होल्ट वाढतात. उदा., २.५ अँपिअर-तासांचे ४ घट अनेकसरीत जोडून १० अँपिअर-तासांचा एक गट होतो व असे १३ गट एकसरीत जोडल्यास ४८ व्होल्टची घटमाला मिळते. एकूण ५२ घटांच्या या मालेत सु. ४८० वॉट-तास ऊर्जा साठते व घटांचे वजन केवळ अडीच किग्रॅ. भरते. दर किमी. ला १० ते १५ वॉट-तास खर्च धरल्यास ती ३२ ते ४८ किमी. अंतरास पुरते. पूर्ण भारित अवस्थेत तिचा दाब ५४.६ व्होल्ट होतो. एकदिश प्रवाहासाठी धोक्याची सीमा साधारणपणे ६० व्होल्ट मानतात. त्यामुळे या मालेपासून विजेचा झटका बसण्याचे भय कमी असते. परंतु घटाचा अंतर्गत रोध काही शतांश ओहम एवढाच असल्याने चुकून पडलेल्या पान्यामुळे एका घटातूनही शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह वाहू शकतो व धातू वितळतो. म्हणून काम करताना अंगठी, घड्याळ काढून ठेवतात आणि निरोधक वेष्टनाची हत्यारे वापरतात.

घटांची समानता : घटमालेचे आयुष्य व सुरक्षितता प्रामुख्याने घटांच्या समानतेवर अवलंबून असते. एकसरीतील सर्व गटांतून सारखाच प्रवाह जातो; त्यामुळे दुर्बल गट सर्वांत आधी रिकामा होतो आणि सर्वांत आधी भरतो. चार्जर मात्र केवळ एकूण दाब पाहतो. बारा गट प्रत्येकी ४.१५ व्होल्टवर असताना तेराव्या गटावर ४.८ व्होल्ट पडले, तरी बेरीज ५४.६ व्होल्टच होते व चार्जरच्या दृष्टीने सर्व काही ठीक असते. प्रत्यक्षात तो गट धोकादायकपणे अतिभारित झालेला असतो. जुन्या अंगसंगणकांतून काढलेले घट स्वस्त मिळतात, पण प्रत्येकाचा वापर, वय व झीज भिन्न असते. त्यांची धारणक्षमता व अंतर्गत रोध मोजून निवड करता येते. मात्र घट पूर्वी अतिरिक्त रिकामा झाला होता का, त्यास मार बसला होता का, हे या मोजमापांवरून खात्रीने कळत नाही. यामुळे एकाच उत्पादकाचे, एकाच खेपेतील नवे घट वापरणे इष्ट असते.

नियंत्रक मंडल : प्रत्येक गटाच्या दाबावर स्वतंत्र लक्ष ठेवणाऱ्या मंडलास बी. एम्. एस्. म्हणतात. कोणताही गट कमाल किंवा किमान मर्यादा ओलांडू लागताच, प्रवाह प्रमाणाबाहेर वाढताच किंवा तापमान चढताच ते मंडल तोडते. अधिक भरलेल्या गटाचा प्रवाह रोधकातून वळवून गट समान पातळीवर आणण्याचे कामही ते करते. हा प्रवाह अल्प असतो. तो ५० मिलिअँपिअर असल्यास २ अँपिअर-तासांचा फरक भरून काढण्यास ४० तास लागतात. शिवाय झिजलेल्या गटाची क्षमता त्याने वाढत नाही. म्हणून नियंत्रक मंडल हा घटांच्या योग्य निवडीस पर्याय नव्हे.

जोडकाम : घटाच्या टोकास डाख देताना बराच वेळ उष्णता पोहोचून आतील पटलास इजा होऊ शकते. म्हणून निकेलाच्या पातळ पट्ट्या क्षणभर मोठा प्रवाह सोडून ठिपक्या-ठिपक्यांनी वितळजोड करून बसवितात. निकेल म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पट्ट्या निकेलाचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या असतात. त्यांचा रोध अधिक असल्याने त्या तापतात. निकेलही चुंबकास चिकटत असल्यामुळे चुंबकाने फरक कळत नाही. मात्र पट्टी खरवडून मिठाच्या पाण्यात ठेवल्यास पोलादी पट्टीवर गंज चढतो. घटाचे संपूर्ण धातूचे आवरण, धनाग्राभोवतालच्या कडेसह, ऋण असते व धन टोपीपासून ते अवघ्या एकदोन मिमी. अंतरावर येते. त्यावरील पातळ वेष्टन धक्क्यांनी घासले गेल्यास मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) होतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक धन टोकाभोवती निरोधक कागदाची चकती बसवितात. मुख्य तारेत वितळतार आणि घट हलू न देणारी चौकट यांचीही गरज असते. काही हौशी लोक सूक्ष्मतरंग भट्टीतील रोहित्र काढून जोडयंत्र बनवितात. त्या भट्टीतील धारित्रावर हजारो व्होल्टचा भार राहू शकत असल्याने हा प्रयोग प्राणघातक ठरू शकतो.

आगीचा धोका : अतिभारण, आतील मंडलसंक्षेप, मार किंवा बाहेरील उष्णता यांमुळे घटाचे तापमान सु. १००° से. च्या आसपास गेल्यास ऋणाग्रावरील संरक्षक थर विघटन पावतो व आणखी उष्णता निर्माण होते. पुढे विभाजक पटल वितळते आणि धनाग्रातून ऑक्सिजन मुक्त होतो. ही विक्रिया स्वतःच स्वतःला वाढवीत जाते, ज्वलनशील व विषारी वायू बाहेर पडतात आणि शेजारचे घट एकामागून एक पेटतात. आग विझल्यासारखी दिसली, तरी ती पुन्हा भडकू शकते. गोठणबिंदूखालील तापमानास घट भारित केल्यास ऋणाग्रावर लिथियम धातू जमून आतील मंडलसंक्षेपाचा संभव वाढतो.

न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये लिथियम-आयन घटमालांमुळे २६८ आगी लागून १८ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी तेथे प्रमाणित नसलेल्या विद्युत् सायकली व घटमालांच्या विक्रीस आणि वापरलेल्या घटमालांतील घट काढून नव्या माला जुळविण्यास कायद्याने बंदी घालण्यात आली. भारतात मार्च २०२२ मध्ये पुण्यासह काही ठिकाणी कारखान्यात बनलेल्या विद्युत् स्कूटरींनाही आगी लागल्या. त्यानंतर अशा वाहनांच्या घटमालांसाठीचे ए. आय. एस्. १५६ हे मानक अधिक कडक करण्यात आले. कारखान्यातील चाचण्यांनंतरही जेथे दोष राहू शकतो, तेथे घरगुती जुळणीत किती दक्षता हवी हे यावरून लक्षात येते.

दक्षता : घटमालेस जुळेल असाच चार्जर वापरावा. तो प्रथम स्थिर प्रवाह व अखेरीस स्थिर दाब देणारा असतो. झोपेच्या वेळी किंवा घरात कोणी नसताना घटमाला भारित करू नये. जिन्यात, व्हरांड्यात किंवा दाराशी ती ठेवू नये, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो. सदनिकांच्या इमारतींत हा धोका शेजाऱ्यांनाही असतो. फुगलेली, विचित्र वास येणारी किंवा विनाकारण तापणारी घटमाला वापरातून काढावी. धूर दिसताच ती उचलण्याच्या फंदात न पडता घरातील सर्वांनी बाहेर पडून अग्निशमन दलास कळवावे.

कायदा व विल्हेवाट : भारतात चलित्राची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किवॉ. पेक्षा व कमाल वेग ताशी २५ किमी. पेक्षा कमी असलेली, ठराविक वजनमर्यादेतील सायकल मोटार वाहन मानली जात नाही. हौशी जुळणीत अधिक शक्तीचे चलित्र बसविल्यास ही सवलत लागू होत नाही. निकामी घट कचऱ्यात टाकल्यास कचरागाडीत किंवा कचरा वेचणाऱ्यांच्या हातात पेटू शकतात. त्यांची टोके चिकटपट्टीने झाकून ते अधिकृत संकलन केंद्रात द्यावे लागतात. २०२२ च्या घटमाला कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्यांच्या संकलनाची व पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

ओहमचा नियम, ऊर्जेचा हिशेब, मापनाची शिस्त व विद्युत् रसायनशास्त्र यांचा परिचय करून घेण्यास घटमाला हे उत्तम साधन आहे. नवशिक्यास हा परिचय एकदोन घटांच्या विजेरीवर किंवा कमी शक्तीच्या मंडलांवरही होऊ शकतो. सायकलीसाठी मात्र चाचणी केलेली तयार घटमाला घेऊन चलित्र, वेगनियंत्रक, दिवे व मापक यांची जोडणी स्वतः करणे, ही विभागणी अनुभव येईपर्यंत अधिक सुरक्षित ठरते.